राजाची नखं लागली, रक्त नाही आलं, तरी इंजेक्शन घ्यायचं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा मीही तुम्ही जिथे घाबरलात तिथेच बघत राहिले आणि खरी गोष्ट शेवटच्या ओळीत निघाली. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगते. मंगळवारी रात्री साडेअकराला बॉक्स क्रिकेट खेळून हाफ पँटवर भांडुप स्टेशनकडून चालत घरी येत होतात, गल्लीच्या तोंडाशी वडापावच्या गाडीपाशी असणारा राजा नावाचा कुत्रा लाडात येऊन अंगावर चढला, हात चाटला आणि खाली उतरताना त्याची नखं पोटरीवर घासली. दोन लाल रेघा, रक्त नाही. घरी जाऊन नुसत्या पाण्याने धुतलं, सॅनिटायझर लावलं, ते एका जागी झोंबलं. आई म्हणते हळद लाव, मित्र म्हणतो राजाचा कान कापलाय म्हणजे त्याला लस दिलेली आहे कशाला टेन्शन घेतोस, आणि मोबाईल म्हणतो की तुम्ही संपलात. दोन वर्षांपूर्वी मांजर चावलं होतं तेव्हा तीन इंजेक्शनं झाली, चौथं राहिलं, कागद हरवला. आणि सगळ्यात शेवटी सहज लिहिल्यासारखं लिहिलंय, 'आता तिथे बारीक खपली धरलीय.'

ती खपली महत्त्वाची.

तर उत्तर आधी देऊन टाकते, कारण लांबलचक वाचत बसण्यात उद्याची सकाळ जायला नको. हो, इंजेक्शन घ्यायचं. उद्या शुक्रवार आहे, सकाळी जा. आणि नुसतं दंडात टोचून घेऊन परत येऊ नका, ती खपली डॉक्टरला दाखवा आणि 'सिरम', म्हणजे जखमेतच टोचायचं वेगळं औषध, लागेल का हे स्वतःच्या तोंडाने विचारा. आता हे असं का, ते सांगते.

मी जवळजवळ तीस वर्षं हेच काम केलंय, त्यातली बरीचशी पालिकेच्या हॉस्पिटलात, कॅज्युअल्टीत आणि कुत्रं चावलेल्यांच्या ओपीडीत, आता मुलुंडला छोटा दवाखाना आहे. पहिल्या दिवसापासून बघतेय, माणूस खुर्चीवर बसला की कुत्र्याचंच वर्णन सुरू करतो. काळं होतं, पाळीव वाटत होतं, गळ्यात पट्टा होता, डोळे लाल होते, तोंडाला फेस नव्हता, मीच शेपटीवर पाय दिला म्हणून चावलं बिचारं. मी म्हणते थांबा, पँट वर करा. आधी कातडी बघायची, मग लाळ कुठे लागली ते विचारायचं, आणि सगळ्यात शेवटी प्राणी. बहुतेक लोक नेमकं उलट्या क्रमाने जातात आणि म्हणून एक तर उगाच घाबरतात नाहीतर उगाच निर्धास्त राहतात.

कातडीच का, तर रेबीजचा विषाणू लाळेतून येतो आणि त्याला आत शिरायला वाट लागते. धड कातडीतून तो आत जाऊच शकत नाही. फाटलेली कातडी, किंवा डोळे, नाक, तोंड, गुप्तांगाच्या आतली ओली नाजूक त्वचा, एवढेच त्याचे दरवाजे. यावरूनच जागतिक आरोग्य संघटनेने तीन वर्ग केलेत आणि आपल्याकडे सगळीकडे तेच वापरतात. केसपेपरवर डॉक्टर रोमन एक, दोन, तीन लिहितात ते हेच. पहिल्या वर्गात कुत्र्याला हात लावला, खायला घातलं, धड कातडीवर चाटलं, यात काहीच घ्यायचं नाही. दुसऱ्यात उघड्या कातडीवर दात लागले, ओरखडा आला, पण रक्त नाही, इथे लस. तिसऱ्यात कातडी फाडून दात किंवा नख आत गेलं, रक्त आलं, एखाद्या आधीच्या जखमेवर चाटलं किंवा डोळ्यातोंडात लाळ गेली, इथे लस अधिक सिरम. रक्ताचा एकच टिपूस आला तरी तिसराच वर्ग. 'थोडंसंच आलं हो मॅडम' असा चौथा वर्ग नाहीये.

आता तुमचा पाय. राजाने हात चाटला ते विसरून जा, हातावर कुठे चिरलेलं, नखाच्या कडेला कुरतडलेलं नसेल तर तो पहिला वर्ग. पोटरीवरच्या रेघा, रक्त नाही, म्हणजे ऐकायला दुसरा वर्ग. पण सॅनिटायझर झोंबलं, म्हणजे तिथे कातडी उघडी होती. मी दवाखान्यात कापसावर स्पिरिट घेऊन अशा रेघेवर फिरवते, झोंबलं तर कातडी फाटलीय असंच धरते. आणि खपली धरली म्हणजे तिथून काहीतरी पाझरून वाळलंय, रात्री गल्लीतल्या त्या पिवळ्या लाईटमध्ये तुम्हाला ते दिसलं नसेल. माझ्यासमोर असता तर भिंगातून बघितलं असतं आणि खपलीखाली खरंच चीर असेल तर तिसऱ्या वर्गात टाकलं असतं. इथे बसून मी ते ठरवू शकत नाही, म्हणून म्हणते दाखवा. 'लस घेऊ का' हा तुमचा प्रश्न तसा सोपा आहे, त्याचं उत्तर हो. अडतं ते सिरमपाशी, आणि लोक नेमकं तेच विचारत नाहीत.

नखाचं काय एवढं, असंही बरेच जण विचारतात, चावलं तर नाही ना. कुत्रा दिवसभर स्वतःचे पंजे चाटत असतो, मांजर तर त्याहून जास्त, ओली लाळ नखाला असते. दाताइतका धोका नाही हे खरं, पण ओरखडा हिशेबात धरतात तो म्हणूनच.

सिरम म्हणजे काय ते नीट समजून घ्या. लस ही शरीराला शिकवणी आहे, शरीर स्वतः प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तयार करतं, पण त्याला दहा ते चौदा दिवस लागतात. मधल्या दिवसांत जखमेत पडलेल्या विषाणूला अडवणार कोण? म्हणून तयार प्रतिपिंडं बाहेरून आणून जखमेत भरायची, तेच सिरम. घोड्यापासून केलेलं असेल तर वजनाच्या दर किलोला ४० युनिट, माणसाच्या रक्तापासूनचं असेल तर २०. गेल्या काही वर्षांत मोनोक्लोनल अँटिबॉडी नावाचा नवा प्रकारही आलाय, तो आपल्याकडेच बनतो. यातलं कुठलंही चालेल, मुद्दा हा की ते जखमेच्या आत आणि भोवती टोचायचं असतं, जितकं मावेल तितकं. दुखतं, खोटं कशाला सांगू, बोटाच्या टोकाला तर मोठी माणसं ओरडतात. पण जखम मोकळी ठेवून नुसतं कंबरेत सिरम टोचून पाठवणं म्हणजे चोर खिडकीतून शिरतोय आणि आपण वॉचमनला गच्चीवर बसवलंय. आणि आज सिरम मिळालं नाही म्हणून लस थांबवायची नाही. लसीच्या पहिल्या डोसपासून सात दिवसांपर्यंत सिरम देता येतं, त्यानंतर देत नाहीत कारण तोपर्यंत शरीराचं स्वतःचं काम सुरू झालेलं असतं.

हे इतकं घासून सांगण्यामागे एक पेशंट आहे. मी शिकत होते तेव्हा संसर्गजन्य आजारांच्या वॉर्डात ड्युटी होती. एक तिशीतला गृहस्थ, रिक्षा चालवायचा, त्याला पाण्याचा ग्लास दाखवला तरी घसा आवळायचा, पंखा लावला तर वाऱ्याच्या झोताने तेच. मध्येच पूर्ण शुद्धीवर, बायकोला सांगत होता की रिक्षाचा हप्ता भरायचाय. तिला मी विचारलं कुत्रं कधी चावलं, तर ती म्हणाली 'कुत्रं नाही हो, पिल्लू होतं एवढंसं, खेळताना बोटाला दात लागला, दोन महिने झाले.' पिल्लू म्हणून कोणी मनावर घेतलं नाही, चुना लावला आणि विसरले. लक्षणं सुरू झाल्यावर आमच्या हातात काहीच नव्हतं, आजही जवळपास नसतंच. तेव्हापासून मला पिल्लू हा शब्द ऐकला की पेन खाली ठेवून नीट बघायची सवय लागली.

'आजकाल कुठे असतं रेबीज' असं म्हणणाऱ्यांसाठी, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशभर घरोघरी केलेल्या पाहणीचा अंदाज २०२४ मध्ये आला, वर्षाला साधारण ९१ लाख लोकांना प्राणी चावतात आणि रेबीजने मरतात सुमारे ५,७००. पूर्वीचे अंदाज याच्या तिप्पट-चौपट होते, म्हणजे कमी झालाय, पण कुत्रं चावलेल्यांत पाचातल्या एकाने लस घेतलीच नव्हती आणि सुरू केलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी कोर्स पूर्ण केला नाही, असंही त्यातच निघालं. तुमचं ते मांजरवालं चौथं इंजेक्शन यातच मोडतं, रागावत नाहीये, फक्त सांगतेय.

आता राजा. कान कापलेला म्हणजे त्याची नसबंदी झालीय आणि त्या वेळी त्याला रेबीजची लस टोचली होती, एवढाच त्याचा अर्थ. कधी? कान काही तारीख सांगत नाही. कुत्र्याची लस दर वर्षी परत द्यावी लागते. कोणी काकू खायला घालत असतील आणि दर वर्षी स्वतः पकडून टोचून घेत असतील, कागद असेल तर उत्तमच, मन जरा शांत होईल, पण तरी मी तुमची लस थांबवणार नाही. पाळीव कुत्र्यालाही हेच लागू, 'आमच्या ब्रूनोचे सगळे डोस झालेत' हे मी ऐकून घेते आणि टोचतेच, कारण लस दिली म्हणजे कुत्र्यात ती लागू पडलीच असं धरून चालता येत नाही.

आणि पिसाळलेला कुत्रा म्हणजे डोळे लाल, फेस गाळत सैरावैरा धावणारा, हे चित्र अर्धंच आहे. दुसरा प्रकार मुका, त्यात कुत्रा कोपऱ्यात गप्प बसतो, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, खाणं गिळता येत नाही, आणि प्रेमळ माणसं त्याच्या घशात हाड अडकलंय समजून तोंडात हात घालतात. असे दोन जण मी स्वतः तपासलेत, दोघेही भूतदयावाले, दोघांच्या बोटांवर चिरा, दोघांनाही तिसऱ्या वर्गाचं सगळं दिलं, दोघेही ठणठणीत आहेत. शिवाय लक्षणं दिसायच्या काही दिवस आधीपासून लाळेत विषाणू येऊ शकतो, म्हणजे त्या रात्री शेपटी हलवत होता याला फारसा अर्थ नाही.

इथेच ते दहा दिवसांचं गणित येतं, जे सगळ्यांनी ऐकलेलं असतं पण अर्धवट. मंगळवारी रात्री राजाच्या लाळेत विषाणू असता, तर तो दहा दिवसांच्या आत आजारी पडून मेला असता. दहाव्या दिवशी तो गाडीपाशी तसाच शेपटी हलवत असेल तर त्या रात्री लाळ स्वच्छ होती. हे फक्त कुत्रा आणि मांजर यांनाच लागू, माकडाला किंवा जंगली प्राण्याला नाही. आणि लोक इथे घोळ घालतात तो असा की दहा दिवस नुसते वाट बघतात, कुत्रा मेला की मग धावत येतात. तसं नाही. लस आज सुरू करायची आणि सोबत कुत्र्यावर नजर ठेवायची. दंडाच्या स्नायूत पाच डोसवाला कोर्स चालू असेल आणि कुत्रा दहा दिवसांनी धडधाकट असेल तर डॉक्टर मधला चौदाव्या दिवसाचा डोस गाळू शकतात. कातडीतल्या इंजेक्शनचा कोर्स असेल तर कुत्रा जिवंत असो नसो, चारही डोस पूर्ण करायचे. कुत्र्याला मात्र बांधून मारायचं वगैरे नाही, उलट तो जिवंत आणि डोळ्यासमोर राहण्यातच तुमचा फायदा आहे. मारून टाकला, की विचारायचं कोणाला? अचानक आजारी दिसला किंवा गायब झाला तर डॉक्टरला कळवा आणि जनावरांच्या डॉक्टरलाही. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलसारख्या ठिकाणी हे लोक रोज बघतात.

कातडीतलं आणि स्नायूतलं म्हणजे काय, तेही घेते. पालिकेच्या हॉस्पिटलात बहुतेक ठिकाणी कातडीत देतात, दोन्ही दंडांवर ०.१ मिली, बारीक फुगवटा येतो, मुंगी चावल्यासारखं वाटतं, दिवस शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस. खाजगीत बहुतेक स्नायूत, एकेक पूर्ण डोस, शून्य, तीन, सात, चौदा, अठ्ठावीस. दोन्ही सारखेच चांगले. 'फुकटवालं थोडंसंच देतात' असा एक समज आहे, तो चुकीचा, कातडीत संरक्षक पेशी भरपूर असतात म्हणून कमी औषधात तेवढंच काम होतं. दिवस शून्य म्हणजे पहिल्या इंजेक्शनचा दिवस, चावल्याचा नव्हे. लहान बाळाला मांडीच्या बाहेरच्या बाजूला देतात. कुल्ल्यावर मात्र कधीच नाही, तिथल्या चरबीत लस नीट लागू पडत नाही, कोणी कंबरेत द्यायला लागलं तर बिनधास्त थांबवा. कंपनी बदलली तर चालतं. एखादा डोस चार दिवस उशिरा झाला तर पुढे चालू ठेवायचा, पहिल्यापासून नाही सुरू करायचा. गरोदर, अंगावर पाजणारी, ताप आलेला, कोणालाही ही लस बंद नाही, कारण पलीकडे जो आजार आहे त्याच्याशी सौदा होत नाही. फक्त स्टिरॉइड, कॅन्सरची औषधं, एचआयव्ही किंवा मलेरियाची क्लोरोक्विन गोळी चालू असेल तर डॉक्टरला आधी सांगा. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना दुसऱ्या वर्गातही सिरम देतात.

आणि बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शनं, आई नक्की त्याचीच आठवण काढेल. ती खरी होती, मी इंटर्न असताना स्वतः दिलीत, मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस असायची, पोटावर रोज एक, लोक पळून जायचे. ती २००४ च्या शेवटी देशभर बंद झाली. म्हणजे वीसहून जास्त वर्षं झाली, पण भीती अजून पोटातच आहे.

तुमच्या जुन्या तीन डोसांचं सांगते. पूर्वी कोर्स पूर्ण झालेला असेल आणि त्याचा कागद असेल तर परत चावल्यावर फक्त दोन डोस, शून्य आणि तीन, आणि सिरम मुळीच नाही, चावा कितीही खोल असला तरी. केवढी बचत बघा. पण अर्धवट कोर्स आणि कागद नाही, मग मी तुम्हाला नवीन पेशंटच धरणार. म्हणून पूर्ण चार, आणि सिरमचा प्रश्नही उघडाच.

धुण्याबद्दल. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं औषध. साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं, टायमर लावून. विषाणूवर चरबीचं पातळ आवरण असतं, साबणाने ते फुटतं आणि विषाणू निकामी होतो, म्हणून नुसतं पाणी पुरेसं नाही. नळाला पाणी नसेल, आणि रात्री साडेअकराला आपल्याकडे कितीजणांना असतं, तर पिंपातलं पाणी मग्याने ओतत राहा. मग बीटाडीन. तुम्ही मंगळवारी साबण लावला नाहीत, तर हे वाचून झाल्यावर आता लावा, उशिरा धुणंही न धुण्यापेक्षा बरं, फक्त खपली खरवडू नका. हळद, चुना, मिरचीपूड, कॉफी पावडर, पट्टीत बांधलेलं नाणं, सगळं बघितलंय मी, यातलं काहीही नको. आईंना सांगा हळद दुधात घालून द्या. मोठी जखम असली तरी टाके घाईने घालायचे नसतात, आणि घालावेच लागले तर आधी सिरम भरून मग सैल. धनुर्वाताचं इंजेक्शन राहिलं असेल तर तेही त्याच खेपेत.

आता दुसऱ्या टोकाचे लोक, कारण हे वाचून तेच जास्त घाबरणार आहेत. माझ्याकडे एक मुलगा यायचा, इंजिनियर, चांगला हुशार, एका वर्षात तीन कोर्स करून बसला होता तीन वेगवेगळ्या ठिकाणी. एकदा कुत्रा बाजूने पळाला आणि पँटला काहीतरी लागल्यासारखं वाटलं, एकदा जिन्यात कुत्रा बसायचा त्या पायरीवर अनवाणी पाय पडला, एकदा कुत्र्याने चाटलेल्या चपलेला हात लावून मग तोच हात डोळ्याला लागला. दर तासाला पाण्याचा ग्लास घेऊन बसायचा, गिळता येतंय का बघायला. अशांना मी हसत नाही, भीती खरी असते. पण उत्तर स्पष्ट आहे. लाळ वाळली की विषाणू टिकत नाही, उन्हात तर लवकरच मरतो. चप्पल, जिना, रिक्षाची सीट, दोरीवरचे कपडे, पावसात साचलेलं पाणी, कुत्र्याने हुंगलेला डबा, यातून कोणालाही रेबीज होत नाही. कुत्र्याच्या अंगाला हात लावल्याने नाही, त्याच्या शू-शीवरून पाय पडल्याने नाही. गाईचं दूध उकळून प्यायलात तर नाही. पाल, कबुतर, डास, कावळा, नाही. घरातल्या उंदराने कुरतडलं तर रेबीजची लस सहसा लागत नाही, जखम धुऊन धनुर्वाताचं बघायचं. पावसाळ्यात उंदरांची भीती वेगळी, लेप्टो नावाच्या तापाची, गुडघाभर पाण्यातून चालून आल्यावर त्याचं विचारा. उलट नॅशनल पार्कात किंवा घारापुरीला माकडाने वेफर्सच्या पाकिटासाठी हातावर ओरबाडलं तर लोक फोटो काढून हसत घरी येतात, आणि तिथे मात्र लस हवी. कोळीवाड्यातलं मांजर कितीही गोड असलं तरी हवी.

जीन्सवरून चावलं तर काय, हा नेहमीचा प्रश्न. कपडा फाटलाय की नाही ते बघू नका, पँट काढून खालची कातडी बघा. कपडा शाबूत आणि आत खोल चीर, असं मी कितीदा बघितलंय, जाड कपड्यातूनही दात रुततो आणि लाळ झिरपते. कातडीवर काहीच नाही, दाबल्याचा डागही नाही, स्पिरिट झोंबत नाही, तर घरी जा. लहान मुलांना मात्र कपडे काढून पूर्ण तपासा, केसांत, कानामागे, पाठीवर. मुलं मार बसेल म्हणून सांगत नाहीत, आणि त्यांच्या उंचीला कुत्र्याचं तोंड थेट चेहऱ्याशी येतं, तिथून मेंदू जवळ.

उशीर झाला तर? लक्षणं यायला साधारण एक ते तीन महिने लागतात, कधी आठवडा, कधी वर्ष. विषाणू नसेवरून हळूहळू मेंदूकडे सरकत जातो, आणि तो पोचायच्या आत आपल्याला पोचायचंय, म्हणून दोन दिवस काय किंवा दोन महिने झाले तरी 'आता काय उपयोग' म्हणून घरी बसायचं नाही. मंगळवारचं शुक्रवारी, म्हणजे तुम्ही उशिरा नाही आहात, पण शनिवारवर ढकलू नका.

कुठे जायचं, तर घाटकोपरचं राजावाडी तुम्हाला सोयीचं, नाहीतर सायन, केईएम, नायर, पश्चिमेला कूपर, पालिकेच्या हॉस्पिटलांत लस फुकट मिळते. सकाळी लवकर जा, कातडीतल्या लसीची एक कुपी फोडली की ती काही तासांतच वापरून संपवावी लागते, म्हणून काही ठिकाणी सगळ्यांना सकाळीच एकत्र बोलावतात. केसपेपरवर ओरखडा कधी झाला, कुठे, वर्ग कुठला, सिरम दिलं की नाही, हे लिहिलंय का बघा. एका हॉस्पिटलात माझ्याच मावसबहिणीला रक्त आलेलं असूनही नुसती लस देऊन पाठवलं होतं, गर्दी एवढी की कोणी पाय वर करून बघितलाच नाही, ती चौथ्या दिवशी माझ्याकडे आली म्हणून सिरम वेळेत झालं. म्हणून विचारायला लाजू नका, ओरडले तर ओरडले.

खाण्यापिण्याचं पथ्य काही नाही, मच्छी खा, अंडी खा, आंघोळ करा, इंजेक्शनच्या जागी खाजेल, लाल होईल, चोळू नका.

उद्या शुक्रवार हा शून्य दिवस धरला तर तिसरा दिवस सोमवारी येतो, सातवा पुढच्या शुक्रवारी आणि अठ्ठाविसावा त्यानंतर तीन आठवड्यांनी, तोही शुक्रवारच. पुढच्या शुक्रवारीच मंगळवारपासूनचे दहा दिवस पूर्ण होतात, तेव्हा इंजेक्शन घेऊन येताना वडापावच्या गाडीशी थांबून राजा दिसतोय का बघा. दिसला तरी अठ्ठाविसाव्या दिवसाच्या शुक्रवारचा अलार्म आत्ताच लावून ठेवा, आणि या वेळी केसपेपरचा फोटो काढून आईच्या मोबाईलवरही पाठवा.